थळवरून खांदेरीचं दीपगृह बघायला कसं जायचं?

किनाऱ्यावरची:
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला येतोय, सोबत आई आणि आठवीतला मुलगा. बेटावरचं ते दीपगृह दर वेळी लांबूनच बघतो आणि रात्री दिवा लुकलुकायला लागला की मुलगा विचारतो तिकडे कधी न्यायचं, तर यंदा नेणारच म्हटलंय. होडी कुठे मिळते? वर सोडतात का? आणि आईच्या गुडघ्यांना झेपेल का?

थळकर:
ताई, होडी आमच्या थळ बंदरातनंच. जंजिऱ्यासारखी तिकीट खिडकी, लागोपाठ फेऱ्या असलं इथं काही नाही, मच्छीमारांच्या होड्या आहेत, बोलून अख्खी होडी ठरवायची, आणि वर जायला सध्या परवानगी लागते का तेही बंदरावरच विचारून घ्या कारण नियम बदलत असतात. पण सगळ्यात आधी कॅलेंडरवर तिथी बघा. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, येतो तो साधारण भरतीचा तास. म्हणजे दशमी असेल तर तीस भागिले चार, साडेसात, सकाळीही आणि संध्याकाळीही, आणि मधे दीडच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. ओहोटीला होडी काठाला लागत नाही, पाण्याचिखलातनं चालत जाऊन चढावं लागतं, तिथे आईंचे हाल होतील. पुनव-अवसेला उधाण असतं ते टाळा, अष्टमी ते दशमी भांग असतो, पाण्याला ओढ कमी. लाईफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका. आणि बेटावर आमचा वेताळ आहे, चप्पल बाहेर काढून पाया पडा.

गडवाटा:
फक्त दीपगृह बघून परत फिरू नका प्लीज!! मुलाला आधी सांगून ठेवा की 1679 मध्ये महाराजांनी मायनाक भंडारींना इथे किल्ला बांधायला पाठवलं आणि मुंबई इतकी जवळ म्हटल्यावर इंग्रज हादरलेच, त्यांनी गलबतं आणून बेटाची वाट अडवली, पण मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या उथळ पाण्यातनं सटकून रसद पोचवायच्या आणि बांधकाम काही थांबलं नाही. मग सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, ती उंदेरी जाताना दिसेलच. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत जे 12 किल्ले गेले त्यात खांदेरी आहे. गाड्यावरच्या तोफा बघा, आणि दगडाने वाजवला की धातूसारखा आवाज देणारा खडक कोणालाही विचारून शोधा, पोरगं खूश होईल.

दिव्याखाली:
माझे वडील दीपगृहांवर नोकरीला होते, म्हणून थोडं लिहितो. हे दीपगृह 1867 चं, कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे त्याला. वर जायला मिळालं तर घाई करू नका. जुन्या दीपगृहांत दिव्याभोवती काचेच्या प्रिझमच्या कड्या एकावर एक रचलेल्या असतात, इकडे तिकडे विखुरणारा उजेड त्या वळवून सरळ क्षितिजाकडे पाठवतात, म्हणून छोटासा दिवा इतक्या लांब पोचतो. दिवसा भोवती पडदे का लावतात ते मुलाला विचारा! उलट बाजूने ऊन शिरलं तर तीच भिंगं ते एका जागी गोळा करतात, दिव्याचं नुकसान होतं, आग लागू शकते. आणि प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी, किती चमका आणि मधे किती सेकंद अंधार, त्यावरनं खलाशी ओळखतो आपण कुठे आहोत. मुलाला रात्री किनाऱ्यावर घड्याळ घेऊन बसवा, मोजू दे. आईंना होडी नकोच वाटली तर रेवदंड्याजवळ कोर्लईचं दीपगृह आहे, गाडी पार जवळ जाते.

किनाऱ्यावरची:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी दशमी पडतेय, तेव्हा शाळाही बंद. आईला विचारलं, ती म्हणते वेताळ आहे म्हटल्यावर मी येणारच. थळकर दादा, सकाळी साडेसातला निघालो तर परत कधी?

थळकर:
सातलाच या, म्हणजे दहाच्या आत माघारी. उशीर झाला तर पाणी उतरतं. चहा-नाश्ता, पिण्याचं पाणी घरनं आणा, तिथं दुकान नाही.