सेबुआनोतलं ‘गि-’: याला कर्मणी म्हणायचं का?

प्रश्न: फिलिपिन्समधल्या सेबू, बोहोल आणि मिंदानाओच्या बऱ्याच भागात चालणारी सेबुआनो शिकतेय. पुस्तकात ‘गि-’ लागलेल्या क्रियापदाला ‘पॅसिव्ह’ म्हटलंय. मग ‘गिपालित नि मारिया आंग इस्दा’ याचं मराठी ‘मारियाकडून मासा विकत घेतला गेला’ असं करू का?

उत्तर: कृपया नको! ते वाक्य तिथे अगदी रोजच्या बोलण्यातलं आहे. ‘मारियाने तो मासा विकत घेतला’, बस. ‘कडून... गेला’ म्हटलं की कर्ता मागे पडतो. इथे मारिया कुठेही गेलेली नाही, फक्त वाक्य माशाबद्दल आहे. ‘आंग’ ज्याच्या आधी येतं, त्याच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं. ‘मिपालित सि मारिया ओग इस्दा’ म्हटलं की बोलणं मारियाबद्दल (माणसाच्या नावाआधी ‘आंग’ऐवजी ‘सि’), आणि मासा कुठला तरी.

प्रश्न: म्हणजे आपल्या ‘रामाने आंबा खाल्ला’सारखं?

उत्तर: जवळचं आहे, कारण तिथेही क्रियापदाचं रूप आंब्याप्रमाणे बदलतं आणि तरी वाक्य कुणाला आडवळणी वाटत नाही. पण आपला हा कर्मणी भूतकाळाला बांधलेला. भविष्यात आपण ‘मी तो मासा घेईन’ असं कर्तरीवर येतो. सेबुआनोत ‘पालितोन नाको आंग इस्दा’, म्हणजे इथेही कर्मच पुढे. तिथे निवड काळावर नाही, बोलणं कशाबद्दल आहे यावर ठरते. मला या भाषेतलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

आणखी एक वाचक: जॉन वुल्फ यांच्या 1972च्या सेबुआनो कोशात एक अ‍ॅक्टिव्ह आणि तीन पॅसिव्ह मानलेत. त्यातला एक वरच्या ‘गिपालित’चा. ‘गिसुलातान नाको सि पेद्रो’ (मी पेद्रोला पत्र लिहिलं) यात ज्याला लिहिलं तो पुढे. ‘इपालित नाको ओग इस्दा आंग क्वार्ता’ (त्या पैशांनी मी मासे घेईन) यात पैसे पुढे. मराठीत यासाठी विभक्ती बदलते, क्रियापद नाही. पुढच्या बऱ्याच अभ्यासकांनी ‘पॅसिव्ह’ऐवजी ‘फोकस’ (बोलणं कशावर रोखलंय ते) हा शब्द घेतला. मला तो अधिक पटतो.

उत्तर: मलाही. आणि सरावासाठी प्रश्नार्थक वाक्यं घ्या, तिथे सूट मिळत नाही. कोणी घेतला? ‘किन्सा आंग मिपालित सा इस्दा?’ मारियाने काय घेतलं? ‘उन्सा आंग गिपालित नि मारिया?’ दुसऱ्यात ‘मिपालित’ घातलंत तर वाक्यच मोडतं.