बचत गटाच्या हळदीचं पेज: पोस्ट आधीच लावून ठेवायला काय वापरावं?

हळदवाली, समुद्रपूर तालुका

नमस्कार. आमच्या गटाची हळद, तिखट, शेवया, सरगुंडे आम्ही फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पेजवरून विकतो. नागपूर-पुण्याची गिऱ्हाइकं तिथूनच येतात. पेज सांभाळणारी मी एकटी. फेब्रुवारी लागला की हळद खणणं, शिजवणं, वाळवणं सुरू होतं. दिवसभर शिवारात असते, तिथं नेट मिळत नाही, आणि रात्री घरी आल्यावर मोबाइल हातात धरवत नाही. मग हंगाम संपेपर्यंत पेजवर काहीच जात नाही. नेमकं तेव्हाच आमच्याकडे दाखवण्यासारखं सगळ्यात जास्त असतं, याचं वाईट वाटतं.

पोस्ट तयार करून तारीख-वेळ लावून ठेवता येते असं ऐकलंय. त्या वेळी माझा फोन आणि नेट चालू असावं लागतं का? फुकटात होतं का? व्हॉट्सॲपवरही जमतं का? आणि एक जण महिन्याचे पैसे घेऊन पेज चालवून देतो म्हणतोय, पासवर्ड मागतोय. द्यावा का?

वरुडचा बागाईतदार

ताई, फोनचं आदी सांगतो. पोस्ट तुमच्या मोबाइलातून सुटत नाई. एकदा चढवली का ती तिकडच्या सर्वरवर रायते आन् ठरल्या टायमाले आपोआप दिसते. तवा तुमचा फोन बंद असो का गावची लाइन गेलेली असो, काई फरक पडत नाई. नेट लागते ते फक्त चढवतानी.

मी संत्र्याच्या पेजसाठी मेटा बिझनेस सूट वापरतो, थे फेसबुक-इन्स्टावाल्या मेटा कंपनीचंच हाय. फुकट हाय, आन् फेसबुक-इन्स्टा दोनीले एकाच जागून लावता येते. फक्त इन्स्टाचं खातं प्रोफेशनल, म्हंजे धंद्याचं, करून पेजले जोडून घ्या. त्यात प्लॅनर म्हनून क्यालेंडर हाय, कोन्त्या दिवशी काय लावलं ते सारं तिथं दिसते. तिथूनच तारीख बदलवता येते, पोस्ट काढूनबी टाकता येते. फेसबुकवर मात्र साधारन मयनाभराच्या पुढचं लावू देत नाई. म्हनून मी मयन्यातून एकदा तालुक्याले गेलो का चांगल्या नेटवर बसून पुढचं सारं चढवून घेतो. शिवारातून व्हिडिओ चढवाच्या मांगं लागू नका, अर्ध्यात अडकते.

हिंगणघाटचा डीटीपीवाला

पासवर्ड कुणालाही देऊ नका, ताई. अगदी घरच्या माणसालाही नको. पेजच्या सेटिंगमध्ये दुसऱ्याच्या खात्याला ठरावीक कामापुरता प्रवेश देता येतो, आणि नको झाला की काढून घेता येतो. तुमचा पासवर्ड तुमच्याकडेच राहतो. पूर्ण ताबा मात्र कुणाला देऊ नका, कारण पूर्ण ताबा असलेला माणूस तुम्हालाच पेजवरून काढू शकतो. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत आणखी एक कोड विचारणारी सोय, आजच चालू करा. गटाचं पेज असेल तर आणखी एका विश्वासाच्या सदस्येलाही प्रवेश द्या, म्हणजे तुमचा फोन बिघडला तरी काम अडणार नाही.

मराठीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण आमच्या दुकानात हे रोज दिसतं. लेबल किंवा पत्रकाचा मजकूर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमध्ये करून घेतला असेल, तर तो उचलून पोस्टमध्ये चिकटवू नका. त्या फाँटांची अक्षरं जुन्या पद्धतीनं साठवलेली असतात, फेसबुकवर निरर्थक चिन्हं उमटतात. युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून थेट. मोबाइलवर जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड घेऊन मराठीत बोललात तरी तो टाइप करतो. चढवण्याआधी एकदा वाचून घ्या, बोलून लिहिलेल्यात ‘हळद’चं काहीही होऊ शकतं.

पैशाच्या साधनांची तुम्हाला सध्या गरज नाही. बफर नावाच्या साधनाच्या फुकट योजनेत तीन खाती जोडता येतात आणि प्रत्येकात एका वेळी दहा पोस्ट रांगेत राहतात. हूटसूट या तशाच साधनाची फुकट योजना २०२३ मध्येच बंद झाली, तरी जुन्या लेखांत तिचं नाव दिसेल. दोनच खाती असताना मेटाचं पुरेसं आहे. फक्त इन्स्टाग्रामच करायचं असेल तर प्रोफेशनल खात्याला त्याच ॲपमध्ये ७५ दिवस पुढपर्यंत पोस्ट लावता येते.

तुमसरची तांदूळवाली

कशानं लावायच्या ते सगळ्यांनी सांगितलं. काय लावावं यावर मला बोलायचं आहे, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

तुमची हळद दोन-तीन महिन्यांत निघते आणि विकली जाते वर्षभर. म्हणून हंगामात पोस्ट लिहीत बसूच नका, फक्त टिपून ठेवा. खणताना निघालेला गड्डा, कढईतून उठणारी वाफ, वाळत घातलेली हळद, पॉलिशच्या ड्रमचा आवाज, मोडल्यावर आत दिसणारा रंग. मिनिटाच्या आतले तुकडे, मोबाइल आडवा-उभा न फिरवता. जूनमध्ये पाऊस लागला की निवांत बसून त्यातलं एकेक लावत जा. शहरातल्या बाईला हळकुंड शिजवावं लागतं हेच ठाऊक नसतं, तिला ते पावसाळ्यात दिसलं म्हणून बिघडत नाही. मात्र खाली स्पष्ट लिहा की हे चित्रण फेब्रुवारीतलं आहे. ‘आज आमच्याकडे हळद शिजतेय’ असं ऑगस्टमध्ये लिहिलं, तर ज्याला शेती कळते तो तुमच्या पुढच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

वायगावची हळद तुमच्याच तालुक्यातली, तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमचा माल खरंच त्या वाणाचा असेल, तर त्यावर एक पोस्ट महिन्याआड लावून ठेवा. सणांच्या पोस्टही आधी लावता येतात: पोळा, तान्हा पोळा, महालक्ष्म्या, दिवाळीचं उटणं. पण नुसत्या शुभेच्छांची चित्रं नकोत, ती सगळ्यांकडून येतात. महालक्ष्म्यांच्या आठ दिवस आधी हळद-कुंकवाच्या पुड्यांची पोस्ट जाऊ द्या, सणाच्या दिवशी पाठवलेल्या पोस्टवर ऑर्डर कशी पोचणार?

आणि काही गोष्टी कधीच आधी लावू नका. भाव, शिल्लक माल, ‘दोन दिवसांत घरपोच’ असली आश्वासनं, हवामानावर अवलंबून असलेलं काहीही. आपल्याकडे मार्चमध्ये गारपीट होते. चहूकडं बागा झोडपल्या गेल्या असताना पेजवर हसरी पोस्ट सुटली तर आपल्याच माणसांना टोचतं. गावात किंवा जिल्ह्यात काही वाईट घडलं की आधी प्लॅनर उघडायचा आणि पुढच्या दोन दिवसांच्या पोस्ट पुढं ढकलायच्या. हे काम कुठलंही ॲप तुमच्यासाठी करणार नाही.

हळदवाली, समुद्रपूर तालुका

तुमसरच्या ताई, कढईची वाफ दाखवण्यासारखी असते हे कधी डोक्यातच आलं नाही, आम्ही रोज तीच बघतो. या हंगामात नक्की टिपून ठेवते. वरुडच्या दादांचं महिन्यातून एकदा बसायचंही पटलं, बँकेच्या कामाला मी समुद्रपूरला जातेच.

दोन शंका उरल्या. वेळ लावून टाकलेली पोस्ट कमी लोकांना दिसते असं माझा भाचा म्हणतो. आणि व्हॉट्सॲपचं कुणी सांगितलं नाही.

हिंगणघाटचा डीटीपीवाला

भाच्याला सांगा, इन्स्टाग्रामनं स्वतःच ही सोय ॲपमध्ये दिली आहे, ती वापरणाऱ्याला ते मागं कशाला टाकतील? लोकांना पोस्ट दिसत नसेल तर वेळ चुकलेली असू शकते. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे खात्याच्या आकडेवारीत, तुमची माणसं कोणत्या तासाला ऑनलाइन असतात ते दिसतं, ते बघून वेळ लावा. व्हिडिओवर सिनेमातली गाणीही लावू नका. धंद्याच्या खात्याला ती बहुतेक मिळत नाहीत, आणि लावलीच तर आवाज बंद होऊ शकतो. ड्रमचा खरा आवाज ठेवा.

व्हॉट्सॲपच्या स्टेटसला वेळ लावून देतो म्हणणारी बाहेरची ॲप फोनची फार मोठी परवानगी मागतात. ज्या फोनवर तुमचं बँकेचं ॲप आहे त्यावर ती घेऊ नका. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच संदेश यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून प्रत्येक पाकिटासोबत ‘आमचा नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी घाला.

नागपूरचं गिऱ्हाईक

मी अशाच गटांकडून वर्षाचं तिखट-हळद घेते, म्हणून मध्येच लिहिते. पोस्ट वेळेवर आली, मी विचारलं ‘एक किलोचं काय?’ आणि चार दिवस उत्तर नाही, की मी दुसरीकडे वळते. उशिरा उत्तर आलं तरी चालतं, पण कधी येणार ते कळलं पाहिजे.

वरुडचा बागाईतदार

बाई बरोबर बोलल्या. ताई, त्याचीबी सोय हाय. बिझनेस सूटच्या इनबॉक्समदी आपोआप जानारं उत्तर लावून ठेवा: ‘हंगाम चालू आहे, रात्री आठनंतर उत्तर देऊ, भावाचा तक्ता हा घ्या.’ ते तुमचा फोन बंद असला तरी जाते. व्हॉट्सॲप बिझनेसमदी असंच आपोआप जानारं उत्तर, अवे मेसेज, हाय, पन तो तुमच्या फोनले नेट असंन तवाच जाते. म्हनून शिवारात असतानी गिऱ्हाइकानं मेसेंजरवर विचारावं, असं पोस्टीखाली लिवत जा.