प्रति: ‘यूएसबीस्टोर’ची यादी तपासणे पुरेसे आहे का?
पेन ड्राइव्ह वगैरे जोडून संगणकातून फाइली नेल्या गेल्या का, हे शोधायला ‘यूएसबीस्टोर’ची यादी पुरेशी आहे का, असा प्रश्न आहे. रजिस्ट्रीतील (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते तिथल्या) ‘यूएसबीस्टोर’ या यूएसबी साठवण-उपकरणांच्या नोंदींवरून कोणत्या संगणकाला कोणता पेन ड्राइव्ह जोडला गेला हे अनुक्रमांकासह कळते, हे खरे आहे. मात्र तो अनुक्रमांक दर वेळी उपकरणाचाच असतो, असे गृहीत धरू नये. त्यातील दुसरे अक्षर ‘&’ असेल, तर उपकरणाकडे स्वतःचा वेगळा क्रमांक नसून तो विंडोजने तयार केलेला असतो. असा एक पेन ड्राइव्ह मी दोन संगणकांना जोडून पाहिला, तेव्हा दोन्हीकडे निरनिराळे क्रमांक उमटले आणि ते एकच उपकरण आहे हे नुसत्या यादीवरून कोणालाही ओळखता आले नसते.

शिवाय मोबाइल फोन केबलने जोडून एमटीपी पद्धतीने (फोन पेन ड्राइव्हसारखा न दिसता फाइलींची देवाणघेवाण करतो ती पद्धत) फाइली नेल्या, तर त्याची नोंद ‘यूएसबीस्टोर’मध्ये होतच नाही, आणि माझ्या मते दुर्लक्षित राहणारी वाट हीच आहे. म्हणून विंडोज १० किंवा त्यापुढच्या संगणकांवर ऑडिट धोरणातून (कोणत्या घटना नोंदवायच्या हे ठरवणाऱ्या सेटिंगमधून) प्लग अँड प्ले, म्हणजे जोडताच ओळखल्या जाणाऱ्या, उपकरणांची नोंद सुरू करावी (ती आपोआप सुरू नसते) आणि सिक्युरिटी लॉगमधील (विंडोजच्या सुरक्षा-नोंदवहीतील) ६४१६ क्रमांकाच्या, म्हणजे नवे उपकरण जोडल्याच्या, घटना मध्यवर्ती सर्व्हरवर गोळा कराव्यात. त्यांत फोन तर येतोच, पण नव्याने जोडलेला कीबोर्डसुद्धा दिसतो.