नॉनब्लॉकिंग क्लायंट लावला म्हणून मायएसक्यूएल पळत नाही

कोथरूड बॅकएंड
कालच्या पोस्टमधलं वाक्य: "पीएचपी-एफपीएम काढा, ओपनरेस्टीवर लुआ-रेस्टी-मायएसक्यूएल लावा, डेटाबेसचा प्रश्नच मिटतो." एफपीएम म्हणजे पीएचपीच्या प्रोसेस चालवणारा मॅनेजर, ओपनरेस्टी म्हणजे लुआ भाषा चालवणारा एनजिनएक्स वेब सर्व्हर, आणि लुआ-रेस्टी-मायएसक्यूएल ही त्यातून मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारी नॉनब्लॉकिंग लायब्ररी. हे वाक्य वाचून कोणीतरी प्रॉडक्शनला हात घालेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

नॉनब्लॉकिंग म्हणजे उत्तराची वाट बघताना अडकून न बसणं. त्यामुळे मोकळा होतो तो वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारी सर्व्हरची प्रोसेस. इंडेक्स नसलेली क्वेरी ८०० मिलिसेकंद घेत असेल तर कोसॉकेटवरूनही (ओपनरेस्टीचं नॉनब्लॉकिंग नेटवर्क कनेक्शन) तेवढाच वेळ घेणार. उलट एफपीएममध्ये मॅक्स_चिल्ड्रन, म्हणजे प्रोसेसची कमाल संख्या, ५० असेल तर एकावन्नावी रिक्वेस्ट दारातच थांबते. ओपनरेस्टीत ते दारच नाही. दहावीच्या निकालाला उडते तशी झुंबड उडाली की मायएसक्यूएलचं डीफॉल्ट मॅक्स_कनेक्शन्स, म्हणजे १५१, बघता बघता भरतं आणि 'टू मेनी कनेक्शन्स' सुरू.

बाणेर लुआ
पोस्ट माझीच आहे. दार नाही हे साफ चूक. कनेक्टला पूल_साइझसोबत (पूल म्हणजे पुन्हा वापरायला राखलेली कनेक्शनं) बॅकलॉग, म्हणजे रांगेची लांबी, द्या, जादा रिक्वेस्ट रांगेत थांबतात. शिवाय तीन स्वतंत्र क्वेरी ४०, ६० आणि ५० मिलिसेकंदांच्या असतील तर थ्रेड स्पॉन करून, म्हणजे हलके समांतर धागे काढून, वेगवेगळ्या कनेक्शनवर सोडा. १५०चं काम साठेकात उरकतं. साध्या पीएचपीत कराल का हे?

सदाशिव पेठ डीबीए
बॅकलॉग किती जण देतात? नुसता पूल_साइझ दिला तर मर्यादा लागतच नाही. तो फक्त किती रिकामी कनेक्शनं सांभाळायची ते सांगतो. आणि पूल प्रत्येक वर्करचा वेगळा. तीन मशिन, प्रत्येकी ८ वर्कर, म्हणजे २४ पूल. पूल_साइझ १०० ठेवलात तर २४०० कनेक्शनं मागताय! १५१मध्ये बसवायचं तर पूल_साइझ ५, बॅकलॉग ५० धरा. १२० ॲपला, उरलेली ३१ मायग्रेशन आणि मॉनिटरिंगला. रांगेतला वेळ कनेक्टच्या टाइमआउटमध्येच मोजला जातो, तेही लक्षात ठेवा.

खरी भानगड सेट_कीपअलाइव्हची, म्हणजे कनेक्शन बंद न करता पूलात परत टाकण्याची आहे. बिगिन झालं, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू झालं, दुसरी इन्सर्ट फसली आणि एररच्या वाटेनेही कोडने कनेक्शन पूलात परत टाकलं. रोलबॅक (अर्धवट बदल मागे घेणं) कोणी केलाच नाही. पुढच्या रिक्वेस्टला तेच कनेक्शन मिळतं, ती बिगिन म्हणते आणि मायएसक्यूएल आधीचं अर्धवट ट्रान्झॅक्शन निमूट कमिट, म्हणजे कायम, करतं. पैसे एका खात्यातून गेले, दुसऱ्यात आलेच नाहीत, आणि लॉगमध्ये एक ओळ नाही.

बाणेर लुआ
हा वापरणाऱ्याचा दोष. लायब्ररीला कशाला झोडपताय?

सदाशिव पेठ डीबीए
अहो, "प्रश्नच मिटतो" तुम्हीच लिहिलंत ना? मग हा प्रश्न नवा कुठून आला तेही लिहायचं होतं. एरर आली की रोलबॅक करा, तोही फसला तर थेट क्लोज. टाइमआउट झालेलं कनेक्शन तर क्लोजच करा. आणि क्लायंटचा टाइमआउट सर्व्हरवरची क्वेरी थांबवत नाही, ती तिकडे चालूच राहते. सिलेक्टसाठी मॅक्स_एक्झिक्यूशन_टाइम (सर्व्हरवरची वेळमर्यादा) वेगळा लावावा लागतो.

हडपसर बिलिंग
पैशांचा विषय निघालाच आहे तर ऐका. ही लायब्ररी डेसिमल कॉलम लुआच्या नंबरमध्ये बदलते, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट, ज्यात दशांश तंतोतंत राहत नाहीत. बिलाच्या बेरजा लुआत करू नका. रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत, बिगइंटमध्ये (मोठा पूर्णांक) ठेवा किंवा क्वेरीतच कास्ट करून स्ट्रिंग मागवा. बिगइंट मात्र स्ट्रिंग म्हणूनच येतो, त्यामुळे काउंटचं उत्तर शून्यापेक्षा मोठं आहे का असं थेट ताडलं की एरर. आणि नल, म्हणजे कॉलममध्ये किंमतच नसणं! तो एनजीएक्स.नल म्हणून येतो आणि लुआत तो खरा ठरतो. 'इफ रो.सवलत देन' लिहिलंत तर सवलत नसलेलं गिऱ्हाईकही आत शिरतं.

कोथरूड बॅकएंड
नल आणि डेसिमल महत्त्वाचे आहेत, पण मूळ मुद्दा बाजूला पडतोय. बॅकलॉगचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. तरी साध्या क्रडसाठी (नोंदी घालणं, वाचणं, बदलणं, काढणं) एफपीएम सोडण्याचं एकही कारण अजून दिसलेलं नाही.

बाणेर लुआ
साध्या क्रडला नका सोडू. पण एका पानासाठी रेडिस (मेमरीतला डेटा स्टोअर), दोन एपीआय आणि डेटाबेस असं चौघांकडे थांबायचं असेल तर प्रत्येक रिक्वेस्टमागे एक अख्खी प्रोसेस अडकवणं मला पटत नाही, आणि पटणारही नाही. "प्रश्नच मिटतो" तेवढं पोस्टमधून काढतो. २४ पूलांचा हिशोब आणि रोलबॅकची वाट आज घालतो.

सदाशिव पेठ डीबीए
घाला. आणि डीबी ऑब्जेक्ट मॉड्यूलच्या पातळीवर, म्हणजे सगळ्या रिक्वेस्टना सामायिक, ठेवू नका हेही लिहा. तो एका रिक्वेस्टपुरताच असतो. दुसरीने वापरला की 'बॅड रिक्वेस्ट' येतं, आणि तेही बऱ्याचदा लोड वाढल्यावरच दिसतं.