उत्तर: पालखीला जागा मिळते, मग बेघरांना का नाही?

‘देवळाबाहेर फुकट जेवण मिळतं म्हणूनच माणसं रस्त्यावर राहतात’ हे मत मला पटत नाही. आमच्या भजनी मंडळातले आम्ही सहा-सात जण दर रविवारी रात्री पुणे स्टेशनच्या परिसरात पोळी-भाजी घेऊन जातो. तिथल्या एक आजी गेल्या पावसाळ्यात म्हणाल्या, “जेवण कुणीतरी देतंच रे बाळा, कोरडी जागा बघ.” तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

जागा नाही असं कसं म्हणायचं? आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामाला येतात, तेव्हा लाखो वारकऱ्यांना हेच शहर देवळांत, शाळांत, वाड्यांत सामावून घेतं. आंघोळीचं पाणी देतं, पाय चेपून देतं. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या दशसूत्रीत ‘भुकेलेल्यांना अन्न’ आहे, तसंच ‘बेघरांना आसरा’ही आहे. आपण पहिलं उचललं, दुसरं विसरलो.

सरकारी नियमांप्रमाणे शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवाच, तो मागत राहूच. पण तोवर मुसळधार पावसाच्या रात्री एखाद्या देवळाचा सभामंडप उघडा ठेवता येईल. बायकांसाठी वेगळी, कुलूप लागणारी खोली हवी (हे मी मुद्दाम लिहितेय, त्या अख्खी रात्र बसून काढतात), आणि कागदपत्रं ठेवायला एक कपाट. आधार, रेशनकार्डाचे कागद भिजले की पुढचं सगळंच अडतं.

आमच्या देवळाच्या विश्वस्तांशी या गुरुवारी बोलणार आहे. कसब्यातलं, रास्ता पेठेतलं कुणी सोबत येईल का?