अनुभव धागा: लिहून घर चालवताना

लिखाणाच्या पैशांवर ज्यांचं घर चालतं, त्या सगळ्यांसाठी हा धागा. कथा-कादंबरीकारांपुरता नाही. अनुवाद, शब्दांकन, मालिकांचे संवाद, जाहिरातीचा मजकूर, माहितीपुस्तिका, मुद्रितशोधन, यातलं काहीही करत असाल तर लिहा.

मला खुपतं ते असं. लिहायला शाळेत सगळ्यांनाच शिकवलेलं असतं, त्यामुळे हे काम कुणालाही जमेल असं गृहीत धरलं जातं. पैसे ठरतात ते शेवटी कागदावर उरलेल्या शब्दांचे. त्याआधीचं वाचन, टिपणं, फोन, बाद केलेले खर्डे आणि नंतरच्या दुरुस्त्या कुणी मोजत नाही. म्हणून अनुभव लिहिताना न दिसलेलं काम कोणतं होतं ते आवर्जून सांगा. माणसांची, संस्थांची नावं नकोत.

सुरुवात मी करते. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. एकदा एका यंत्राच्या पुस्तिकेचा कच्चा मजकूर आला. त्यात वाक्य होतं, ‘झाकण उघडून आतली पट्टी सैल करा. त्यापूर्वी वीजपुरवठा बंद केल्याची खात्री करा.’ व्याकरण बिनचूक. पण यंत्रापुढे उभा असलेला माणूस एक वाक्य वाचतो, तेवढं करतो आणि मग पुढचं वाचतो. दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचेतो त्याचा हात आत गेलेला असतो. मी क्रम बदलला, वीज बंद करण्याची पायरी वेगळी काढून तिला क्रमांक दिला. तसं करायचं तर आधी ते यंत्र कुणी, कसं उघडतं हे जाऊन बघावं लागलं. मानधनाच्या वेळी उत्तर मिळालं, ‘मजकूर तर आमचाच होता, तुम्ही नुसता हात फिरवलात.’ त्या हात फिरवण्यावर कुणाची तरी बोटं शाबूत राहणार होती. हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते.

शब्दांकन करणारी

ताई, ‘हात फिरवणं’ माझ्याही पाचवीला पुजलंय. मी इतरांची आत्मचरित्रं लिहून देते. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चारेक तास सहज जातात, आणि ती फक्त कच्ची नोंद. माणसं आयुष्य क्रमाने सांगत नाहीत. वडिलांच्या आजारपणातून थेट धाकट्या मुलीच्या लग्नात येतात, मग पहिल्या नोकरीत. एका गृहस्थांनी नोकरी सुटल्याचा प्रसंग तीन वेळा सांगितला, दर वेळी वर्ष वेगळं. जुनी पत्रं, पगाराची कागदपत्रं मागवून घेतली तेव्हा कळलं, नोकरी दोनदा सुटली होती आणि पहिल्या वेळेबद्दल त्यांना बोलायचंच नव्हतं. ते त्यांच्याकडून काढून घेणं, छापायचं की नाही हे त्यांना ठरवू देणं आणि तरीही प्रकरण उभं करणं, माझं काम ते. पुस्तकावर माझं नाव नसतं, ते मी मान्य करूनच काम घेते. पण ‘मी बोललो, तुम्ही टाइप केलंत’ असं म्हणून शेवटचा हप्ता कापायला निघतात तेव्हा फार लागतं.

अनुवादक

हल्ली काम येतं तेच असं: ‘मशीनने भाषांतर करून ठेवलंय, फक्त नजर टाका.’ दर निम्म्याहून खाली. नजर टाकायची तर मूळ मजकूर ओळ न् ओळ वाचावाच लागतो, कारण मशीनचं वाक्य गुळगुळीत असतं आणि चूक आतच दडलेली असते. मागे एका करारनाम्यात ‘जबाबदार राहणार नाही’मधलं ‘नाही’ गळलेलं होतं. वाक्य वाचायला अगदी सुरेख. मुळाशी ताडून पाहिलं नसतं तर तसंच सहीला गेलं असतं.

आणि नाव. १८८६ च्या बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, अनुवादालाही मूळ कृतीसारखंच संरक्षण दिलंय. कृतीचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क १९२८ मध्ये त्यात आला. तरी पुस्तकाचं मुखपृष्ठ आलं की अनुवादकाचं नाव घाला म्हणून मलाच आठवण करून द्यावी लागते.

मालिकांचे संवाद लिहिणारा

आमच्याकडे रात्री निरोप येतो, अमुक कलाकाराच्या तारखा नाहीत, उद्याच्या सीनमधून त्याला काढा. भांडण त्याच्याशीच असतं! मग ते भांडण दुसऱ्या पात्राच्या तोंडून, फोनवर किंवा चिठ्ठीतून घडवायचं, आणि पुढच्या भागांचे धागेही जुळले पाहिजेत. सकाळी सेटवर पानं तयार हवीत. पैसे मात्र भाग दाखवला गेला तरच. न दाखवलेले भाग, बदललेले सीन, सगळं आमच्या खात्यात.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या पटकथाकारांचा संप १४८ दिवस चालला. मालिकेच्या लेखनासाठी किमान किती लेखक घ्यायचे, स्ट्रीमिंगवरच्या पुनर्प्रक्षेपणाचे पैसे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर मर्यादा या मागण्यांवर त्यांनी बरंच काही मिळवलं. संघटना होती म्हणून ते जमलं. एकेकट्याने बोललं की उत्तर ठरलेलं असतं: ‘लिहिणारे बाहेर रांगेत उभे आहेत.’

मुद्रितशोधक

थोडक्यात लिहितो. पुस्तकाला सगळ्यात कमी वेळ आमच्या टप्प्यावर मिळतो, कारण आधीच्या सगळ्यांचा उशीर आमच्यापाशी येऊन साचतो. प्रकाशनाची तारीख हलत नाही. मग तीनदा वाचायचं पुस्तक एकदाच वाचून सोडावं लागतं आणि तो सल राहतो.

नवीन लेखिका

मी नुकतीच सुरुवात केलीय. नमुना म्हणून लेख मागितला, विषयही त्यांनीच दिला. आठवडाभर खपून लिहिला. ‘सध्या जागा नाही’ असं कळवलं. पुढे तोच लेख थोडे शब्द फिरवून, बिननावाचा छापलेला दिसला. घरी सांगितलं तर म्हणाले, छापून आला ना, मग झालं.

धागा सुरू करणारी

अगं, नमुना म्हणून आधी छापलेलंच काहीतरी पाठव. नवा लेख हवा असेल तर आधी मानधन विचार. विचारायला लाजू नकोस. दर विचारला म्हणून काम गेलं, तर ते काम पैसे देणारं नव्हतंच.

बाकीच्यांसाठी: मी काम घेताना आता चार गोष्टी लेखी घेते. दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या, पैसे कोणत्या तारखेला, नाव कुठे, आणि काम मध्येच थांबलं तर काय. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांसाठी असा कायदाच आहे. लेखी करारात तारीख नसेल, तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. आपल्याला निदान करारात तरी तारीख घालून घेता येते.

चौथा मुद्दा मात्र मला अजून नीट मांडता आलेला नाही. काम समोरच्याने रद्द केलं तर तोवरच्या मेहनतीचे पैसे मिळावेत, असं कलम कुणाच्या करारात असेल तर त्याचा मजकूर इथे द्याल का?