मदत हवी आहे: पंपाजवळचा बायपास व्हॉल्व्ह बंद केला तर चालेल का? (यूके)

नमस्कार मंडळी,

लेस्टरमध्ये जुनं सेमी-डिटॅच्ड घर घेतलंय. स्वयंपाकघरात गॅसचा कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा). वर एअरिंग कपबोर्डात गरम पाण्याची टाकी, पंप आणि दोन मोटराइज्ड व्हॉल्व्ह (एक रेडिएटरकडे, एक टाकीकडे पाणी सोडणारा). पंपानंतर, त्या दोघांच्या आधी, एक आखूड पाइप थेट रिटर्नला, म्हणजे बॉयलरकडे परत जाणाऱ्या पाइपला, जोडलाय. त्यावर करड्या टोपीचा हा बायपास व्हॉल्व्ह आहे. टोपीवर ०.१ ते ०.६ बार असे आकडे, सध्या ०.१ वर.

सगळे रेडिएटर पूर्ण उघडे असले तरी हा पाइप चटका बसेल इतका तापतो. मुलीच्या खोलीतला, सगळ्यात लांबचा रेडिएटर मात्र कोमटच. हवा काढून पाहिली, फरक शून्य. शेजारी म्हणतात, "सरळ बंद करून टाका." मग मुळात बसवलाच कशाला? आणि टोपी फिरवायला गॅस सेफवाला (गॅसच्या कामासाठी नोंदणी असलेला तंत्रज्ञ) बोलवावा लागतो का? त्याचे दर बघता आधी इथे विचारतोय.

प्रतिसाद – पाइपवाला

बंद अजिबात करू नका! हा धरणाचा सांडवा आहे, दाब वाढला की उघडतो. खोल्या तापल्या की रेडिएटरवरचे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह एकेक करून मिटतात, पंप मात्र ढकलतच राहतो. शिवाय बर्नर विझल्यावर आतली उष्णता काढायला बऱ्याच बॉयलरांत पंप थोडा वेळ चालतो. तेव्हा तुमचे दोन्ही मोटराइज्ड व्हॉल्व्ह मिटलेले असतील तर पाण्याने जायचं कुठे? बॉयलर जास्त तापून बंद पडेल.

०.१ बार म्हणजे जेमतेम १ मीटर हेड, म्हणजे मीटरभर उंच पाण्याचा दाब. तेवढ्यावर तो कायम उघडाच राहणार आणि गरम पाणी रेडिएटरला न जाता माघारी फिरणार. रिटर्न साधारण ५५ अंशांच्या खाली आलं नाही तर कंडेन्सिंग होत नाही, म्हणजे गॅसही जास्त जळतोय.

सगळे रेडिएटर उघडे ठेवून टोपी थोडी थोडी वाढवा, दर वेळी जरा थांबून पाइपला हात लावा. तो निवला की बास (रिटर्नकडून थोडी ऊब येणारच). मग थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह सगळे मिटवा. आता पाइप तापला पाहिजे. नाही तापला तर टोपी किंचित मागे. यासाठी गॅस सेफवाला लागत नाही. बॉयलरचं कव्हर मात्र उघडू नका.

प्रतिसाद – कोकणी_इन_केंट

पंप कोणता ते बघा. नवे पंप व्हॉल्व्ह मिटले की स्वतःच दाब कमी करतात, मग बायपास उघडतच नाही.

धागाकर्ता

जुनाच आहे, १-२-३ वेगाचा, ३ वर. ०.३ ला पाइप निवला, मुलीचा रेडिएटरही तापला! पण सगळे मिटवले की आता शीळ वाजते. पंप २ वर घेऊ?

पाइपवाला

घ्या. पण वेग बदलला की टोपी पुन्हा पहिल्यापासून लावायची. आणि बॉयलरच्या पुस्तिकेत किमान प्रवाह किती लागतो ते बघा, काही बॉयलरांत आतच बायपास असतो.